दाखवा तो टेकलेला खांदा!

अहिल्यानगरच्या आखाड्यात २ फेब्रुवारी २०२५ रोजी जे घडले ते महाराष्ट्राने हातातल्या मोबाइलवर पुन्हा पुन्हा पाहिले. महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागाची शेवटची लढत होती. एकीकडे आधी दोनदा हा किताब जिंकलेला शिवराज राक्षे, दुसरीकडे पृथ्वीराज मोहोळ. मोहोळने डाव टाकला, राक्षे खाली गेला आणि पंचांनी कुस्ती चितपट झाल्याचे जाहीर केले. राक्षे उसळून उठला. माझे दोन्ही खांदे टेकलेले नाहीत, रिप्ले दाखवा, हे त्याचे म्हणणे. निर्णय बदलला नाही. मग त्याने पंचांची कॉलर धरली आणि लाथ मारली. त्याच दिवशी किताबाच्या अंतिम लढतीत मोहोळविरुद्ध उतरलेला महेंद्र गायकवाड पंचांवर चिडून वेळ संपण्याआधीच गादी सोडून चालता झाला. राक्षे आणि गायकवाड यांच्यावर तीन वर्षांची बंदी आली, गदा मोहोळच्या हाती गेली, आणि पुढे कित्येक दिवस महाराष्ट्रभर चर्चा झाली ती लाथेची. ज्या खांद्यावरून हे सारे पेटले, त्या खांद्याचे काय?

लाथेचे समर्थन आम्ही करत नाही आणि करणारही नाही. पंचाच्या अंगावर हात टाकणारा मल्ल कितीही मोठा असो, तो ज्या मातीत घडला त्या मातीचा गुन्हेगार आहे. शड्डू ठोकण्याआधी आखाड्याला हात लावून तो कपाळाला लावणारा हा खेळ. त्यात न्याय करणाऱ्यावर लाथ उगारणे हा अधर्मच. त्यानंतर एका माजी महाराष्ट्र केसरीने पंचांना गोळ्या घालायला हव्या होत्या, असे उद्गार काढले. त्या उद्गारांचा धिक्कार करतानाही आमची जीभ अडखळणार नाही. पण म्हणून मूळ प्रश्न गिळून टाकायचा? लाथ मारली, बंदी आली, हिशेब मिटला, असे म्हणून हात झटकायचे? तो हिशेब मिटलेला नाही. निलंबने कोणाचीही आणि कितीही वर्षांची करा, त्याने खांदा टेकला होता की नव्हता हे ठरत नाही. ज्यांच्या हाती स्पर्धेची सूत्रे होती, त्यांना हे त्याच जागी, त्याच क्षणी, हजारो लोकांसमोर दाखवता आले असते. त्यांनी ते दाखवले नाही. आमचा आरोप एवढाच आहे, आणि तो आम्ही शब्द न चावता करतो.

चितपट म्हणजे काय, हे गावच्या जत्रेतले पोरही सांगेल: पाठ लागली, कुस्ती संपली. पण गादीवरच्या कुस्तीत त्याचा कायदा आहे आणि तो कायदा फार कडक आहे. जागतिक कुस्ती संघटनेचा नियम सांगतो की खालच्या मल्लाचे दोन्ही खांदे एकाच वेळी गादीला लागले पाहिजेत आणि पंचाला वरच्या मल्लाचा पुरता ताबा दिसेल इतका वेळ ते तिथे दाबून ठेवलेले असले पाहिजेत. आधी डावा टेकला, मग तो उचलला आणि उजवा टेकला, तर ती चितपट नव्हे. मल्ल पाठीवरून सरकन लोळून गेला, तर तीही नव्हे. धोक्याच्या स्थितीचे गुण मिळतील, कुस्ती मिळणार नाही. गादीच्या कडेला झटापट चालली असेल तर खांदे पूर्णपणे लढतीच्या वर्तुळात हवेत, आणि डोके बाहेरच्या सुरक्षा पट्ट्याला टेकलेले नको. वेळ संपताना पाठ लागली तर भोंगा आधी वाजला की पाठ आधी लागली, एवढाच प्रश्न; पंचाची शिट्टी तिथे मोजली जात नाही.

अमेरिकेतल्या शाळांच्या कुस्तीत खांदे दोन सेकंद दाबून ठेवावे लागतात, तिथल्या महाविद्यालयीन कुस्तीत एक सेकंद. पंच मनात मोजतो आणि मगच गादीवर हात आपटतो. आंतरराष्ट्रीय नियमात असा सेकंदाचा आकडा नाही. क्षणभराचा थांबा दिसला पाहिजे, एवढेच म्हटले आहे. तो थांबा खरा होता की भासला, हे ठरवायचे काम माणसाच्या डोळ्यावर सोपवलेले आहे. आणि म्हणूनच ते एकट्या माणसाच्या डोळ्यावर सोपवलेले नाही.

हा मुद्दा आमच्या कुस्तीच्या कारभाऱ्यांनी नीट वाचावा. गादीवर पंच तीन असतात. आत फिरणारा मुख्य पंच, कडेला बसलेला साइड पंच आणि समोर टेबलाशी बसलेला मॅट चेअरमन. मुख्य पंचाला खांदे टेकलेले दिसले तरी तो लगेच हात आपटू शकत नाही. त्याने मॅट चेअरमनकडे पाहायचे, तो नसेल तर साइड पंचाकडे. त्यांची मान हलली की मगच गादीवर थाप मारायची आणि शिट्टी फुंकायची. आणि मुख्य पंचाला दिसलेच नाही, तर बाकीच्या दोघांच्या संमतीनेही चितपट देता येते. म्हणजे एका खांद्याच्या निवाड्याला जोडीचे डोळे आहेत.

हे का, ते पुढच्या नियमात कळते. एखादा गुण चुकला असे वाटले तर मल्लाचा प्रशिक्षक स्पंजचा ठोकळा गादीवर फेकतो आणि चॅलेंज मागतो. व्हिडिओ पाहिला जातो. चॅलेंज फसले तर समोरच्याला एक गुण मिळतो. पण चितपटीला चॅलेंज नाही! दोघांनी पाहून, खात्री करून दिलेला निर्णय असल्यामुळे त्यावर दाद मागण्याची सोयच नियमांनी ठेवलेली नाही. दोन गुणांच्या पटाला दाद आहे, चार गुणांच्या फेकीला दाद आहे, गादीबाहेर ढकलल्याच्या एका गुणालाही दाद आहे. आणि ज्या निर्णयाने सगळी कुस्ती संपते, सगळे गुण पुसले जातात, वर्षभराची मेहनत तिथेच आडवी होते, त्याला नाही. नियमाने दिलेली ही ताकद एका विश्वासावर उभी आहे: की त्या दुसऱ्या माणसाने खरोखर पाहिले आहे. तो दुसरा माणूस नुसता मान हलवायला बसवलेला असेल, किंवा त्याची मान हलण्याआधीच पहिल्याचा हात पडत असेल, तर मल्लाच्या हातात काय उरते? ना चॅलेंज, ना अपील, ना रिप्ले. उरतो तो संताप. त्या संतापाने लाथेचे रूप घेतले की आपण मल्लाला संस्कृती शिकवायला धावतो.

चितपटीची ताकद किती, ते टोकियोत जगाने पाहिले. ऑगस्ट २०२१ मध्ये ऑलिम्पिकच्या उपांत्य लढतीत हरियाणाचा रवी दहिया कझाकस्तानच्या नूरइस्लाम सनायेवविरुद्ध २-९ असा मागे पडला होता. गुणफलक पाहणाऱ्याने कुस्ती सोडून दिली असती. शेवटच्या मिनिटात रवीने सनायेवला पाठीवर घेतले, सनायेवने दंडाला चावा घेतला तरी रवीने पकड सोडली नाही, आणि दोन्ही खांदे गादीला चिकटवले. रौप्यपदक नक्की झाले. त्या निर्णयाबद्दल कोणाच्या मनात शंका आली नाही, कारण खांदे टेकले ते टेकलेलेच राहिले आणि सगळ्यांनी पाहिले. चितपट असावी तर अशी. मागे पडलेल्यालाही शेवटच्या क्षणापर्यंत जिंकण्याची आशा देणारा हा निर्णय कुस्तीचा आत्मा आहे. म्हणूनच त्याच्या बाबतीतली ढिलाई आम्हाला असह्य होते.

ते पाहणे नेमके असते कसे? वरचा मल्ल छातीने दाबतो आहे. खालचा मानेवर पूल करून कमान उचलून धरतो आहे. त्याचे तोंड लाल झाले आहे, मानेच्या शिरा ताठल्या आहेत, टाचा गादीत रुतल्या आहेत. उजवा खांदा टेकला आहे, डावा दोन बोटे वर आहे. वरून पाहणाऱ्याला हे दोन बोटांचे अंतर दिसत नाही. उभ्या माणसाला तर नाहीच. ते दिसते गादीला गाल लावणाऱ्याला. म्हणून चांगला पंच खाली झोपतो, पालथा पडतो, मल्लांच्या डोक्याच्या बाजूने गोल फिरतो, खांद्याखालची उजेडाची रेघ शोधतो. ती रेघ आहे तोवर कुस्ती चालू. रेघ मिटली की तो एक क्षण थांबतो, ती पुन्हा उघडते का ते पाहतो, मान वर करून मॅट चेअरमनकडे बघतो आणि मग हात आपटतो. या सगळ्याला फार वेळ लागत नाही. पण ज्याला ही शिस्त अंगवळणी पडलेली नाही, त्याचा हात रेघ मिटण्याआधीच पडतो.

ही शिस्त आमच्या मोठ्या मैदानांत कशी पाळली जाणार? मॅट चेअरमनच्या टेबलाभोवती गळ्यात उपरणी घातलेली गर्दी. गादीच्या कडेला पुढाऱ्यांचे अंगरक्षक, पुढाऱ्यांचे कार्यकर्ते, कार्यकर्त्यांचे मोबाइल. व्यासपीठावर सत्कार चालू, निवेदकाचा आवाज ध्वनिक्षेपकातून आदळतो आहे, आणि साइड पंचाच्या डोळ्यांसमोर कॅमेरा घेऊन कोणी तरी बसलेला. पाहुण्यांना पुढच्या कार्यक्रमाला जायचे आहे म्हणून अंतिम लढत लवकर उरका, अशी कुजबुज सुरू झालेली. ज्याने पाहायचे त्याला दिसत नाही, आणि ज्याचा पाहण्याशी संबंध नाही तो सर्वांत पुढे. हे चित्र कोणत्याही मोठ्या मैदानात जाऊन बघा. आम्ही एका गावाचे सांगत नाही.

शाहू महाराजांनी कोल्हापुरात खासबाग मैदान उभारले, ते १९१२ मध्ये खुले झाले. मधोमध लाल मातीचा हौदा आणि सभोवार वर चढत जाणारी बैठक. शेवटच्या रांगेतल्या शेतकऱ्यालाही पाठ लागलेली दिसावी, अशी ती रचना आहे. शंभर वर्षांपूर्वी एका राजाला जे कळले, ते आज एलईडी पडदे भाड्याने आणणाऱ्या संयोजकांना कळत नाही? पडदा आहे, कॅमेरे आहेत, थेट प्रक्षेपण आहे. त्याच पडद्यावर पुढाऱ्यांचे हसरे चेहरे दिवसभर झळकतात. त्याच पडद्यावर तो एक खांदा, संथ गतीने, दोन बाजूंनी, दाखवायला काय हरकत होती?

मातीच्या कुस्तीची आठवण इथे करायलाच हवी, कारण गादी आली आणि एक साक्षीदार गेला. लाल माती पाठीला लागायची. ती साक्ष कायम विश्वासाची होती असे नाही. मल्ल लढताना एकमेकांच्या अंगावर माती टाकतच असतात, आणि मातीतही चितपटीवरून मारामाऱ्या झालेल्या आहेत. पण जुने वस्ताद पाठीवरचा ठसा बघून बोलायचे. दोन्ही फऱ्यांवर सारखी माती दाबून बसलेली असली की हरलेला पहिलवानही मान खाली घालायचा. गादीच्या गुळगुळीत कापडावर असा काही ठसा उरत नाही. घाम पुसला की सारे पुसले गेले. म्हणजे मातीतून गादीवर येताना पंचाची जबाबदारी दुप्पट झाली होती. आपण गादी विकत आणली, पंचाचे प्रशिक्षण विकत आणायचे विसरलो.

आणि हे पहिल्यांदाच घडले असे कोणी म्हणू नये. जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात हीच स्पर्धा झाली. माती विभागात सिकंदर शेख आणि महेंद्र गायकवाड यांची लढत झाली. गायकवाडच्या बाहेरील टांगेला चार गुण दिले गेले आणि महाराष्ट्र दोन तट करून भांडला. सिकंदर पाठीवर धोक्याच्या स्थितीत गेला होता की नाही, एवढाच प्रश्न होता. म्हणजे पुन्हा पाठ, पुन्हा खांदा, पुन्हा तोच कोन! पाठ आणि गादी यांच्यातला कोन नव्वद अंशांच्या आत आला की धोक्याची स्थिती होते. फेकून थेट त्या स्थितीत नेले तर चार गुण, नुसते खाली आणले तर दोन. पंचाला फोनवरून धमकी आली. तेव्हाही धमकीचा निषेध झाला, तोही योग्यच होता. पण त्यानंतर पंचांची परीक्षा घेतली गेली का? व्हिडिओ तपासणीची पद्धत लेखी ठरली का? ठरली असेल तर दोन वर्षांनी अहिल्यानगरात ती कुठे दडून बसली होती?

उत्तर मिळणार नाही, कारण उत्तर द्यायचे कोणी हेच ठरलेले नाही. १९५३ मध्ये मामासाहेब मोहोळांनी महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषद उभी केली. १९६१ मध्ये औरंगाबादेत दिनकर दह्यारी पहिले महाराष्ट्र केसरी झाले. त्या गदेला एक मान होता, कारण ती एक होती. नोव्हेंबर २०२३ मध्ये काय झाले? एकाच महिन्यात फुलगावला एक महाराष्ट्र केसरी आणि धाराशिवला दुसरा! २०२५ मध्येही अहिल्यानगरनंतर महिना-दोन महिन्यांत कर्जतला पुन्हा वेगळी स्पर्धा, वेगळा विजेता. दोन गट, दोन कार्यालये, दोन शिक्के. दिल्लीत भारतीय कुस्ती महासंघाची तऱ्हा याहून बरी नव्हती. ऑगस्ट २०२३ मध्ये निवडणूक वेळेत न घेतल्याबद्दल जागतिक संघटनेने तो निलंबित केला, निवडणूक झाल्यावर डिसेंबरात क्रीडा मंत्रालयाने. मुंबई-पुण्यापासून दिल्लीपर्यंत खुर्च्यांची कुस्ती रंगली असताना, तालुक्याच्या पंचाला नवा नियम कोण शिकवणार? गटबाजीत पंच हा सोयीचा माणूस होतो. तो आपल्या गटाचा आहे का, आपल्या जिल्ह्याचा आहे का, हे आधी पाहिले जाते. त्याला खांदा वाचता येतो का, हे कोणी विचारत नाही.

या राज्याने एका पंचाच्या पेन्सिलीपायी आपले पहिले ऑलिम्पिक पदक जवळजवळ गमावले होते. १९५२ मध्ये कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांना मद्रासच्या राष्ट्रीय स्पर्धेत प्रतिस्पर्ध्यापेक्षा मुद्दाम एक गुण कमी देण्यात आला, अशी त्यांची तक्रार होती. ते गप्प बसले नाहीत. पतियाळाच्या महाराजांकडे त्यांनी दाद मागितली, पुन्हा कुस्ती लावून घेतली आणि ज्याला वरचढ ठरवले गेले होते त्याच मल्लाला आडवे करून हेलसिंकीचे तिकीट मिळवले. तिथे ब्राँझपदक जिंकून ते परतले तेव्हा कऱ्हाडच्या स्टेशनावर बैलगाड्यांची रांग लागली. त्याच हेलसिंकीत एक मोठी लढत झाल्यावर नियमाप्रमाणे मिळणारी विश्रांती न देता त्यांना लगेच पुढच्या लढतीला उभे केले गेले. भांडायला तिथे भारताचा एकही अधिकारी हजर नव्हता. थकलेल्या खाशाबांनी ती लढत गमावली. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिम्पिक पदक ज्याने आणले, त्याच्या वाट्याला पंचांकडून आणि अधिकाऱ्यांकडून हे आले. खाशाबांना दाद मागायला पतियाळाचा राजा तरी मिळाला. आज तालमीत मेहनत करणाऱ्या पोराने कोणाच्या दारात जायचे?

त्या पोराचा आणि त्याच्या बापाचा विचार करा. गंगावेश तालमीत किंवा मोतीबागेत पहाटे चारला उठून जोर-बैठका मारणारे पोर. घरी दोन एकर कोरडवाहू. बदाम, तूप, दूध, थंडाई, अंडी. खुराकाचा खर्च घराच्या किराण्याहून मोठा. आई म्हशीचे दूध डेअरीला न घालता पोरासाठी कोल्हापूरला धाडते. बाप सोसायटीचे कर्ज काढतो. दुखापत झाली तर वर्ष वाया. कशासाठी? महाराष्ट्र केसरीची गदा आली तर बक्षिसाची गाडी आहे, मैदानांची मागणी आहे, आणि नाव आणखी मोठे झाले तर सरकारी नोकरीची आशा आहे. विजय चौधरी, राहुल आवारे यांच्यासारखे मल्ल पोलीस उपअधीक्षक झाले, ते साऱ्या तालमींनी पाहिले. हा सगळा डोलारा शेवटी कशावर उभा राहतो? खांद्याखालच्या दोन बोटांवर! ती दोन बोटे पाहायला आम्ही एक सरळ कॅमेरा लावू शकत नाही, हे सांगताना संयोजकांना लाज कशी वाटत नाही?

पंचांविषयीही दोन शब्द बोलले पाहिजेत, कारण आमचा राग या किंवा त्या पंचावर नाही. गावोगावच्या मैदानात उन्हात दिवसभर उभा राहणारा पंच तुटपुंज्या मानधनावर काम करतो. त्यालाही घर आहे. निकाल आवडला नाही की हलगीच्या तालात त्याच्याच अंगावर धावून जाणारे असतात. २०२२ मध्ये दिल्लीत राष्ट्रकुल स्पर्धेच्या निवड चाचणीत हरलेल्या सत्येंद्र मलिकने पंचावर हल्ला केला आणि त्याच्यावर आजीवन बंदी आली. २०२१ मध्ये टोकियोत दीपक पुनियाचे परदेशी प्रशिक्षक मुराद गैदारोव्ह पंचाला मारायला गेले आणि त्यांची ऑलिम्पिकमधून हकालपट्टी झाली. पंचाला वाचवायचे असेल तर पोलिसांचा गराडा पुरणार नाही. त्याचा निर्णय दाखवता येण्याजोगा असला पाहिजे. संथ गतीतला खांदा पडद्यावर आला, तो टेकलेला दिसला, तर तो पंच हजारो माणसांत ताठ मानेने उभा राहील. टेकलेला दिसला नाही, तर निर्णय तिथेच फिरवला जाईल आणि त्याच्या कॉलरला कोणी हात लावणार नाही. चित्रीकरण लपवून तुम्ही पंचाला वाचवत नाही. तुम्ही त्याला जमावाच्या तोंडी देता!

कोणी म्हणेल, चितपटीला चॅलेंज नाही हा जागतिक नियम आहे, तो आम्ही कसा मोडणार? मोडू नका. त्याच नियमाने मॅट चेअरमनची खात्री सक्तीची केली आहे, ती आधी पाळा. खात्री करण्यासाठी मॅट चेअरमनने पडद्यावर नजर टाकली तर आकाश कोसळणार नाही. नियमाचे निम्मे वाक्य पाळायचे आणि निम्मे गिळायचे, आणि वर नियमाचा हवाला द्यायचा, ही लबाडी आहे. आम्ही तिला लबाडीच म्हणू.

आणि कोणी म्हणेल, पूर्वी कुठे कॅमेरे होते? खरे आहे, नव्हते. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये मार्टिन क्लाइन आणि आल्फ्रेड आसिकाइनेन अकरा तासांहून अधिक वेळ लढले, कारण तेव्हा निकाल लागेपर्यंत लढायचे असा कायदा होता. क्लाइनने ती कुस्ती जिंकली आणि दमून पुढची सोडली. वेळेला बंधन नव्हते म्हणून पंचाला घाईही नव्हती. आज तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्यांत सारा निकाल लागतो. वेळ कमी झाला, डाव वेगवान झाले, गादी गुळगुळीत झाली, पैसा वाढला. पंचाच्या हाती मात्र तेच जुने डोळे. हा हिशेब जुळत नाही हे कळायला कुस्ती यावी लागत नाही.

म्हणून आमची मागणी स्पष्ट आहे, आणि ती दोन्ही गटांच्या पदाधिकाऱ्यांकडे, क्रीडा खात्याकडे आणि व्यासपीठावर बसणाऱ्या प्रत्येक मंत्र्याकडे आहे. गादीपासून दहा फुटांच्या आत पंच, मल्ल, त्यांचे प्रशिक्षक आणि डॉक्टर यांच्याखेरीज एकही माणूस नको, मग तो कोणाचाही मुलगा असो. चितपटीचा निर्णय जाहीर होण्याआधी मॅट चेअरमनचा हात वर गेलेला साऱ्या मैदानाला दिसला पाहिजे. गादीच्या पातळीवर समोरासमोर दोन कॅमेरे हवेत, आणि चितपट दिल्यावर ते चित्रीकरण त्याच क्षणी पडद्यावर आले पाहिजे. ज्या दोन जिल्ह्यांचे मल्ल लढताहेत, त्या जिल्ह्यांचा किंवा त्यांच्या तालमीचा पंच त्या गादीवर नको. पंचांची दरवर्षी परीक्षा व्हावी आणि उत्तीर्णांची यादी स्पर्धेआधी वर्तमानपत्रांत छापावी. वाद झाला तर चौकशी समितीचा अहवाल चित्रीकरणासह सात दिवसांत लोकांपुढे ठेवावा. आणि पंचावर हात टाकणाऱ्याला, तो हिंदकेसरी असला तरी, कायद्याने जी व्हायची ती शिक्षा व्हावीच.

यातल्या एकाही गोष्टीला बक्षिसाच्या एका थार गाडीइतका खर्च येत नाही. पुढच्या महाराष्ट्र केसरीची तारीख आणि पाहुण्यांची नावे जाहीर करण्याआधी हे लेखी जाहीर करा, गादीवर कोण पंच म्हणून उभा राहणार आणि टेबलाशी कोण बसणार ते नावानिशी सांगा. ते जमत नसेल तर स्पर्धा भरवू नका.